मक्याचा पांढरा पोंगा

सुलतानपूरकडील काळ्या रानांत भरपूर युरिया देऊनहि मक्याचा पोंगा पांढुरका पडल्यास पुन्हां युरिया टाकण्याची घाई करूं नये. नत्राची उणीव खालच्या पानांच्या शेंड्यापासून पिवळी दिसते. जस्ताची मात्र कोवळ्या पानांच्या मधल्या शिरेलगत पांढरे पट्टे उठविते. मुळांनीं शोषलेल्या नायट्रेटाचें 'नायट्रेट रिडक्टेज' या विकरानें रूपांतर होऊन पुढें प्रथिनें बनतात. नायट्रेट मिळालें म्हणजे हें विकर वाढतें. परंतु जस्त नसल्यास प्रथिनें घडविणारीं विकरें मंदावतात, आणि विकत आणलेलें नत्र वाटेंतच अडतें. चुनखडीच्या जमिनींत जस्त मुळांस सहज लाभत नाहीं. स्फुरदाचा अतिरेक ही अडचण वाढवितो. माती तपासून उणीव ठरल्यास पेरणीच्या वेळीं हेक्टरीं २५ किलो झिंक सल्फेट द्यावें. तें सुपर फॉस्फेटांत मात्र कालवूं नये.