देवणीच्या उन्हात पर्शियन मांजर

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या देवणीत जनावराची पारख लहान पोरालाही असते. बैल समोर उभा राहिला की तो वानेरा, बालंक्या की शेवरा, हे तोंडावरच्या नि अंगावरच्या काळ्या रंगावरून सांगणारी माणसं अजून गल्लोगल्ली भेटतात. डांगी, गीर आणि इथली गावरान गुरं यांच्या संकरातून, पिढ्यान्‌पिढ्या निवड करत हा देवणी गोवंश घडला. निवड करणाऱ्यांना इथल्याच उन्हात नांगराला चालणारं आणि दूधही देणारं जनावर हवं होतं. म्हणून त्याचे आखूड केस आणि सैल कातडं आमच्या उन्हाला मानवतं.

पर्शियन मांजर घडवताना कुणी असा विचार केला नाही. 1871 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं, तिथं लांब केसांची मांजरं लोकांच्या नजरेत भरली. त्यानंतर प्रदर्शनांच्या आवडीपायी केस आणखी दाट, नाक आणखी बसकं करत नेलं गेलं. त्या नाकातून त्याला श्वास कसा घेता येईल, हे मागाहून कळलं. आता हे मांजर उदगीर-लातूरकडं वाढदिवसाची भेट म्हणून लेकरांच्या हातात दिलं जातं. तसं ते देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ज्यांच्या घरी ते आलेलंच आहे, त्यांच्यासाठी आमच्या ढग्या या पर्शियन बोक्याबरोबरच्या दिवसांतून उमगलेलं सांगते.

ढग्या आमच्याकडं आला तो भाच्याला नोकरीसाठी परदेशी जावं लागलं म्हणून. राखाडी रंगाचा, भरदार बोका. विकणाऱ्यानं भाच्याला तो ‘डॉल फेस, ट्रिपल कोट’ म्हणून विकला होता. डॉल फेस, सेमी पंच, पंच फेस हे सगळे दुकानदारीतले शब्द. नाक किती बसकं, तेवढंच त्यातून कळतं. पंच फेस म्हणजे नाक जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत गेलेलं. त्याला भाव जास्त, आणि त्रासही जास्त: डोळ्यांतून सतत पाणी, झोपेत घोरणं, उन्हाळ्यात दम. ‘ट्रिपल कोट’ तर निव्वळ भाव वाढवण्यासाठी काढलेला शब्द आहे.

आल्या आठवड्यातच त्याच्या काखेत आणि पोटाखाली हात घातल्यावर कळलं, की वरून मऊ दिसणाऱ्या केसांखाली घोंगडीसारखा घट्ट थर बसला आहे. गुंता असा कातडीला धरून बसला की मांजराच्या प्रत्येक पावलाला कातडी ओढली जाते. ते चिडकं होतं, हात लावू देत नाही, आणि माणसं म्हणतात, मांजर तापट आहे. असा गुंता कात्रीनं कधीही कापू नका. मांजराची कातडी पातळ असते आणि गुंत्याबरोबर ती वर ओढली जाते, त्यामुळं केसाऐवजी कातडीच कापली जाते. गुंता असताना आंघोळही घालू नका, पाण्यानं तो आणखी आवळतो. छोटा गुंता कॉर्नफ्लॉर भुरभुरून, बोटांनी टोकाकडून मोकळा होतो. मोठा असेल तर डॉक्टरांकडूनच मशीननं काढून घ्यावा. ढग्याचं पोट तसंच साफ करून घ्यावं लागलं. त्यानंतर तो पहिल्यांदा पाठीवर लोळला.

मग रोजचं काम सुरू झालं. विरळ दातांची स्टीलची फणी, रोज, एकही दिवस न चुकवता. मान आणि पाठ त्याला आवडते, तिथून सुरुवात करायची. कानामागं, काखेत, मांड्यांच्या आत, पोटाला शेवटी. वरवर फिरवलेला ब्रश फसवतो, फणी मुळापर्यंत गेली पाहिजे. डोळ्यांचे कोपरे उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून पुसायचे, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. शेपटीखालचे केस आखूड ठेवायचे, नाहीतर तिथं विष्ठा चिकटते आणि माश्या बसतात. ज्या घरात सकाळी गुरं, धारा, डबे यातून कुणाला पंधरा मिनिटंही बसता येत नाही, त्या घरानं या मांजराचा विचारच करू नये.

पावसाळ्यानंतर आमच्या भागात वेगळंच संकट. कुसळी गवत पिकतं, बांधावर गोखरू आणि आघाडा माजतो. गावरान मांजराच्या अंगाला आघाडा चिकटला तर ते चाटून काढतं. लांब केसांत तो आत शिरतो आणि त्याभोवती गुंता धरतो. कुसळ तर बोटांच्या बेचक्यात, कानात, डोळ्यातही घुसतं. ते एका दिशेनं आतच सरकत जातं. मांजर अचानक डोकं झटकू लागलं किंवा एकच पंजा चाटत बसलं, तर आधी कुसळ शोधा. अशा मांजराला शेतात, परसात मोकळं सोडू नये, यामागं आणखी मोठं कारण आहे. गोठ्यात आपण गोचिडाचं औषध फवारतो, त्यातली पायरेथ्रॉइड वर्गातली औषधं गुरांना चालतात, मांजराला विषासारखी बाधतात. त्याच्या केसांवर बसलेलं सगळं ते चाटून पोटात घेतं. पर्मेथ्रिन असलेलं कुत्र्याचं गोचीड-औषध तर मांजराच्या अंगाला लावूच नका. तीच गोष्ट पॅरासिटामॉलची. ‘अंग गरम लागतंय, अर्धी गोळी द्या,’ असं सांगणारा कुणीतरी प्रत्येक घरात असतो. मांजराच्या यकृताला ती गोळी पचवताच येत नाही. तुकड्यानंही जीव जातो.

उन्हाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सर्वात जास्त जीव तिथं टांगणीला लागतो. मांजराला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. त्यामुळं नुसता पंखा त्याला आपल्याइतका थंडावा देत नाही. आमच्याकडं 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगडमातीच्या जाड भिंतींची आणि माळवदाची भीती बसली, स्लॅबची घरं वाढली. ती भीती खरी होती. पण स्लॅबखालची खोली मे महिन्यात संध्याकाळपर्यंत तापत राहते. एका दुपारी वीज गेली होती आणि माझी धाकटी ओरडत आली, ‘‘माय, ढग्या तोंड उघडून धापा टाकलालंय!’’ कुत्र्यानं धापा टाकणं नेहमीचं. मांजरानं तोंड उघडून धापा टाकणं हा धोक्याचा इशारा आहे. लाळ, लाल पडलेल्या हिरड्या, लटपटणारे पाय दिसले की थांबू नये. त्याचं नेहमीचं तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सिअस असतं. 40 च्या वर गेलं की धोका वाढत जातो. सावलीच्या फरशीवर ठेवून पोट, मांड्यांच्या आतली बाजू आणि पंजे साध्या गार पाण्यानं भिजवायचे, वारा घालायचा आणि डॉक्टर गाठायचा. बर्फ लावायचा नाही, तोंडात पाणी ओतायचं नाही. ढग्या त्यातून उठला. तेव्हापासून उन्हाळाभर त्याची जागा तळमजल्यावरच्या शहाबादी फरशीची खोली, खिडकीला ओलं गोणपाट आणि वीज गेली तरी चालणारा इन्व्हर्टरवरचा पंखा. टिनाच्या पत्र्याखाली राहणाऱ्यांनी हे मांजर ठेवूच नये, असं मला वाटतं. हे पैशांबद्दल बोलत नाही, त्या जिवाबद्दल बोलते.

पाण्याचंही तसंच. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा वाटी-वाटीचा हिशेब आम्ही केला आहे. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले, म्हणून त्याला तहान लागली तरी जाणवते कमी. वर नुसता कोरडा खाऊ दिला तर लघवी दाट होते. त्यात पर्शियनमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा आजार वंशातून येतो, त्याची जनुकीय तपासणी आता होते. खाण्याच्या ताटलीपासून दूर, दोन-तीन ठिकाणी मातीच्या किंवा स्टीलच्या पसरट भांड्यांत पाणी ठेवा, रोज बदला. बोका पुन:पुन्हा वाळूत जाऊन बसतोय, कण्हतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर ‘सकाळी पाहू’ म्हणू नका. लघवी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावतो.

दूध-भाकरीवर हे मांजर जगवायला जाऊ नका. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, आणि टॉरिन नावाचा घटक मांसातूनच मिळतो. तो नसेल तर हळूहळू दृष्टी जाते, हृदय मोठं आणि दुबळं होतं. घरात मांस-मासळी चालत नसेल तर मांजराऐवजी दुसरा प्राणी पाळावा. कांदा-लसणाचा रस्सा त्याच्या ताटलीत नको. आणि दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही तर वाट पाहू नये. उपाशी राहिल्यानं मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठते.

आणखी एक, लेकरांच्या आयांसाठी. लांब केसांच्या मांजरात गजकर्ण सहज लपतं. केसांखाली गोल टक्कल, खवले दिसले किंवा मुलाच्या दंडावर गोल चट्टा आला, तर दोघांवरही एकदमच उपचार करा. बुरशीचे कण गादीत, कार्पेटमध्ये महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून अंथरूण-पांघरूणही धुवावं लागतं. रेबीजची आणि मांजरांच्या इतर रोगांची लस वेळेवर द्या, नसबंदी करून घ्या. भूल देण्याआधी मात्र नाक बसकं असल्याचं डॉक्टरांशी बोला, कारण अशा मांजराला भुलीत श्वासाचा धोका जास्त असतो. आपल्या शेजारी उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे आमच्या तालुक्याचं भाग्य. गुरांसाठी जातो तसं मांजरासाठीही जावं.

शेवटचं बोलणं त्यांच्याशी, ज्यांना आता हे झेपत नाही. बदली झाली, घरात दमा निघाला, म्हातारपण आलं. कारणं खरी असतात. पण अशा मांजराला मोंढ्यात किंवा देवळापाशी सोडून येऊ नका. गावरान मांजर उंदीर धरून, भिंती चढून तग धरेल. हे मांजर पहिल्याच पावसात भिजून गुंत्यात अडकेल, नाहीतर कुत्र्यांच्या तावडीत सापडेल. नवं घर शोधा, आणि देताना त्याची फणी, लसीचं कार्ड, ते खातं ते अन्न आणि त्याला कुठं हात लावलेला आवडत नाही, हे सगळं बरोबर द्या. घेणाऱ्याला मे महिन्यात एकदा दुपारी तुमच्या घरी बोलवा, तासभर बसू द्या, पोटाखालून फणी फिरवायला लावा. तो तेवढा वेळ बसला नाही, तर दुसरं घर बघा.