मांजराचा घास परत येतो तेव्हा

पोहरादेवीच्या वस्तीत धान्याला उंदीर लागू नये म्हणून मांजर पाळतात. ते खाल्लेले बाहेर टाकू लागले की नजर उतरवली जाते. धम्म मात्र आधी कारण शोधायला सांगतो.

उलटी की अन्ननलिकेचा आजार?
उलटीत मांजराचे पोट जोराने आत-बाहेर होते आणि अर्धवट पचलेले अन्न पडते. अन्ननलिका बिघडली असेल तर पोट न हलता, मान खाली घालताच न पचलेला घास लाळेसह बाहेर येतो. लाळ गळते, मांजर मान ताणून गिळते, भूक असून वाळत जाते. मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. निदान निम्मे सोपे होते.

कारणे
१) माशाचा काटा, हाड, सुई-दोरा अडकणे.
२) कोरडी गोळी नळीत चिकटणे. डॉक्सीसायक्लिनच्या गोळीने मांजराची नळी आतून भाजते आणि काही दिवसांनी आकसते. म्हणून गोळीनंतर चहाचा चमचाभर पाणी, सुई काढलेल्या सिरिंजने, तोंडाच्या कडेने हळूहळू पाजा.
३) नळी सैल पडून फुगणे.

तपासणी व उपचार
एक्स-रे, बेरियम पाजून एक्स-रे किंवा दुर्बिणीने तपासणी होते. अडकलेली वस्तू दुर्बिणीने काढतात, आकसलेली नळी फुग्याने रुंद करतात, जखमेसाठी आम्ल कमी करणारे औषध देतात. नळी फुगली असेल तर पातळ अन्न थोडे थोडे, उंचावर ठेवून द्यावे आणि नंतर दहा-पंधरा मिनिटे मांजराला उभे धरावे. आधी मानोऱ्याच्या सरकारी पशुवैद्यकांना दाखवा. पुढील तपासणीसाठी अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत विचारा.

हे करू नका
• तोंडातून लोंबणारा दोरा ओढू नका; आतडे चिरते.
• घरातले पॅरासिटामॉल देऊ नका; मांजराला ते विष आहे.
• घास परत येऊन खोकला, धाप सुरू झाली किंवा दिवसभर खाणे बंद असेल तर थांबू नका.
• लाळ गळणाऱ्या, अचानक बदललेल्या मांजराच्या तोंडात हात घालू नका. रेबीज असू शकतो. चावले, ओरबाडले तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या.

मुक्या जिवाचे दुखणे वेळेत ओळखणे, हेही पहिल्या शीलाचे पालनच आहे. जयभीम!