'काळा' हा शब्द शिकवताना

शास्त्रभाग : गणना १२:१-१५, यशया १:१८, प्रेषितांची कृत्ये १३:१-३



अक्षरे नसलेले, नुसत्या रंगीत पानांचे पुस्तक रविवार शाळेत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. लंडनचे उपदेशक स्पर्जन यांनी १८६६ साली काळे, तांबडे व पांढरे अशा तीन पानांवरून उपदेश केला. पुढे मूडी यांनी त्यात सोनेरी पान घातले. काळे पान म्हणजे पापी अंतःकरण. वाचता न येणाऱ्यांना सुवार्ता सांगण्यास हे साधन सोपे, म्हणून पेण व रोह्याकडच्या कातकरी वाड्यांतही आम्ही ते नेले. एका वाडीत काळे पान उघडून त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा पुढे बसलेल्या एका लहान मुलीने आपला हात त्या पानाशेजारी धरून पाहिला. ती काही बोलली नाही. आम्हीही धडा तसाच पुढे नेला, हे चुकलेच.

काळा बाजार, काळा पैसा, काळी यादी, तोंड काळे करणे: मराठीत या शब्दाला अशी बरीच बदनामी चिकटली आहे. पण मंगळसूत्राचे मणी काळेच असतात, संक्रांतीला नेसायची चंद्रकळा काळी, बाळाच्या गालावरची तीट काळी, आणि कधी न बदलणारा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो. जुन्या कागदपत्रांत गावाच्या कसत्या जमिनीला 'काळी' आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणत; दोन्ही रंग सारख्याच मानाचे. कातकरी कुटुंबांपैकी अनेकांना मात्र ना काळी आहे ना पांढरी. झोपडी दुसऱ्याच्या जागेत, आणि दिवाळी सरली की वीटभट्टीची वाट. २००६ च्या वन हक्क कायद्याखाली दावे भरताना ते मागतात ती ही काळीच.

आपल्या भागात भातासाठी राब भाजतात. पालापाचोळा व फांद्या जाळून जमीन काळी करायची, आणि पावसाला त्याच काळ्या तुकड्यात रोप हिरवेगार वर येते. ज्या मुलांनी हे दरवर्षी पाहिले आहे त्यांना काळे म्हणजे वाईट असे शिकवणे अवघडच आहे.

आता शास्त्राकडे वळू. यशयाच्या पहिल्या अध्यायात पापाचा रंग काळा नाही, लाल आहे. पवित्र शास्त्र पापाला अंधार म्हणते हे खरे, पण अंधार म्हणजे उजेड नसणे. तो कोणाच्या कातडीचा रंग नव्हे.

गणनेचा बारावा अध्याय तर सावकाश वाचावा. मोशेने कूशी स्त्री केली म्हणून मिर्याम व अहरोन त्याच्याविरुद्ध बोलू लागले. कूश म्हणजे मिसर देशाच्या दक्षिणेचा मुलूख. तेथील लोक काळ्या वर्णाचे. मिर्यामेचा राग केवळ वर्णावरून होता असे तेथे म्हटलेले नाही; मोशेच्या मोठेपणाचा हेवाही त्यात होता. परंतु शिक्षा कोणती झाली? ती कोडाने बर्फासारखी पांढरी झाली. येथे पांढरा रंग हाच शासनाचा आहे. मोशेने तिच्यासाठी विनवणी केली. सात दिवस ती छावणीबाहेर राहिली आणि तिला परत आत घेईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही.

अंत्युखियाच्या मंडळीतील संदेष्टे व शिक्षक यांच्या यादीत एका शिमोनाचे नाव आहे. त्याचे लॅटिन टोपणनाव म्हणजे साधे 'काळा'. बर्णबा व शौल यांना सुवार्तेच्या कामासाठी पाठवताना उपास व प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवणाऱ्या मंडळीत तो होता.

काळे पान आम्ही आता काढले आहे. पापाचा भाग यशयाच्या लाल रंगावरून सांगतो. ज्या रविवार शाळांत जुने पुस्तक अजून वापरात आहे, त्यांच्या शिक्षकांनी एकदा याचा विचार करावा ही विनंती. त्याच वाडीत पुढच्या खेपेला आम्ही मुलांना विचारले, चांगली काळी वस्तू कोणती? कोळसा, राब, आईची पोत, अशी उत्तरे आली. मग ती मुलगी म्हणाली, "करवंद. हिरवं असतं तवर आंबट लागतं."