क्वाड बाईकचं एक तिकीट आणि त्यामागचा हिशोब: मॉरिशसच्या फेरीतून धंद्याचा धडा



"गाड्या घ्यायच्या, एक पोरगा ठेवायचा, फेऱ्या मारायच्या. तासाला एवढे, दिवसाला तेवढे." ऑफ-रोड राईडच्या धंद्याबद्दल बोलताना बहुतेकांचा हिशोब इथेच संपतो. कोकणात होमस्टे आहे, मागे चार-पाच एकर कातळ नुसता पडून आहे, हप्त्यावर चार क्वाड बाईक घेतल्या तर? असा विचार तुमच्या मनात असेल, तर बँकेत जाण्याआधी हा लेख शांतपणे वाचा. व्हिडिओमध्ये आकडे भरभर जातात, म्हणून इथे ते सविस्तर मांडतोय.

उदाहरण घेऊया मॉरिशसचं. हिंदी महासागरातलं हे ज्वालामुखीचं बेट साधारण ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. तिथे क्वाड बाईक, बगी आणि जीपच्या गाईडसोबतच्या फेऱ्या हा चांगला रुळलेला धंदा आहे. आपलं या बेटाशी नातंही आहे. १८३४ पासून करारावर नेलेल्या भारतीय मजुरांमध्ये मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत, आणि मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकवली जाते.

धडा १: जागा आधी, गाडी नंतर

मॉरिशसमध्ये या फेऱ्या बऱ्याचदा जुन्या साखर मळ्यांच्या जमिनीवर होतात. पश्चिमेला कॅसेला आहे. हे ठिकाण १९७९ मध्ये मेदिन नावाच्या साखर मळ्याच्या जमिनीवर पक्षी उद्यान म्हणून सुरू झालं. आज तिथे इतर प्राण्यांसोबत क्वाडच्या फेऱ्याही आहेत. नैऋत्येला बेल ओम्ब्र आहे, तीही पूर्वीची साखरेची इस्टेट.

हे असं का झालं, ते बघा. १९७५ पासून मॉरिशसच्या साखरेला युरोपात हमी भाव मिळायचा. मग युरोपीय संघाने साखरेचं धोरण बदललं आणि २००६ पासून टप्प्याटप्प्याने हा भाव ३६ टक्क्यांनी खाली आणला. मळेवाल्यांना दुसरं उत्पन्न शोधणं भाग होतं. काहींनी पर्यटनाची वाट त्याआधीच धरली होती. त्यांच्याकडे काय होतं? ऊस वाहून नेण्याचे कच्चे रस्ते होते. मजुरांनी शेतातून वेचून रचलेले काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग होते. ओढे होते, आणि शिकारीसाठी राखलेलं जंगल होतं. त्या जंगलात १६३९ मध्ये डच लोकांनी जावाहून आणलेल्या हरणांचे वंशज आजही फिरतात.

म्हणजे रस्ता, देखावा आणि हरणं त्यांच्याकडे आधीपासून होती. गाड्या सगळ्यात शेवटी आल्या. जमीन खाजगी असल्यामुळे समोरून ट्रक येत नाही, कोणाचं बैल आडवं जात नाही, आणि कुठे जायचं, कुठे नाही हे मालक ठरवतो. गाडी कोणीही विकत आणू शकतो. तुमच्या हातात असलेली वाट मात्र शेजाऱ्याला आणता येत नाही.

धडा २: ग्राहक म्हणून जा, डोळे मालकाचे ठेवा

आता समजा, तुम्ही तिथे एका तासाच्या फेरीचं बुकिंग केलंय. नियम प्रत्येक ठिकाणी थोडे वेगळे असतात, पण क्रम साधारण असाच असतो.

*बुकिंग.* किती जण, कोणाचं वय काय, गाडी कोण चालवणार, मागे कोण बसणार, पाठीचं दुखणं किंवा गरोदरपण आहे का, हे आधीच विचारतात. बंद बूट घाला, चिखल उडेल, बदलायला कपडे आणा, असंही सांगतात. यात सौजन्य तर आहेच, पण धंद्याची सोयही आहे. चपला घालून आलेला ग्राहक गेटवर परत पाठवावा लागला तर भांडण होतं. तेच आधी कळवलं तर तो बूट घालून येतो.

*फॉर्म.* धोका समजला आहे, गाडीचं नुकसान झालं तर खर्च कोणाचा, हे लिहिलेल्या कागदावर सही घेतात. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: सही घेतली म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी मालकाच्या अंगावरून उतरत नाही. ब्रेक खराब असलेली गाडी दिलीत तर तो कागद तुम्हाला वाचवणार नाही. नुकसानीचे दर मात्र आधीच दाखवा आणि निघण्यापूर्वी गाडीचे फोटो ग्राहकासमोर काढा, म्हणजे परतल्यावर वाद होणार नाहीत.

*सूचना आणि चाचणी.* सगळ्यात जास्त शिकण्यासारखी पायरी हीच. क्वाडचा ॲक्सिलरेटर उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो. नवखा माणूस घाबरला की हँडल घट्ट पकडतो. हँडल आवळलं की अंगठाही दाबला जातो, आणि थांबायच्या ऐवजी गाडी पुढे उसळते. दुसरी गंमत म्हणजे रोज बाईक चालवणाऱ्याला त्याची सवयच आडवी येते. गाडी कलली की तो पाय खाली टेकवतो. क्वाडवर तसं केलं तर पाय मागच्या चाकाखाली जाऊ शकतो. शिवाय क्वाडला डोक्यावर पिंजरा नसतो. उलटली तर माणसाच्या अंगावर येते. बगीला पिंजरा असतो, सीटबेल्ट असतो, स्टिअरिंग असतं. म्हणून डगमगणाऱ्या ग्राहकाला चांगला गाईड बगी सुचवतो किंवा स्वतः चालवून नेतो.

हे सगळं तोंडी सांगून कळत नाही. म्हणून मोकळ्या मैदानात एक-दोन फेऱ्या मारून घेतात. ग्राहकाला वाटतं सराव चाललाय. खरं तर गाईड परीक्षा घेत असतो. कोणाचा हात थरथरतो, कोण उगाच जोर मारतो, हे तो तिथेच हेरतो.

*वाटेवर.* गाईड पुढे. त्याच्या लगेच मागे सगळ्यात कच्चा चालक. त्यामुळे गटाचा वेग आपोआप त्याला झेपेल एवढाच राहतो. ओव्हरटेक नाही, दोन गाड्यांत ठरलेलं अंतर. ओढा आला की एकेक गाडी पार करायची. गट मोठा असेल तर शेवटी दुसरा गाईड.

*थांबे.* आता ग्राहकाच्या आठवणीत राहणारा भाग. गाईड हरणांचा कळप दाखवतो, लांब शेपटीचा पांढरा समुद्रपक्षी दाखवतो. झुडपावरचे लहान लाल चिनी पेरू तोडून हातावर ठेवतो आणि सांगतो, आम्ही हे मीठ-मिरची लावून खातो. त्याच वेळी तो सगळ्यांचे चेहरे बघून घेतो, एखाद्याचा हेल्मेटचा पट्टा सैल असेल तर घट्ट करतो, आणि तापलेल्या इंजिनांनाही विसावा मिळतो. त्या पेरूची किंमत शून्य आहे, पण घरी गेल्यावर ग्राहक तोच किस्सा सांगतो.

आता मला सांगा, या फेरीत ग्राहकाने काय विकत घेतलं? गाडी म्हणाल, तर ती त्याला तासभर वापरायला मिळाली, एवढंच. त्याने पैसे मोजले ते दुसऱ्याने आधी केलेल्या विचाराचे. ज्याला काही येत नाही त्याला चिखलातून नेऊन हसत परत आणायचं, हे या धंद्यातलं खरं काम. आणि या कामाला वेळ लागतो. त्याचाच हिशोब आता करू.

धडा ३: एक तास म्हणजे दोन तास

खालचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. तुमचे आकडे तुम्ही टाका.

- फॉर्म, हेल्मेट, गॉगल: १५ मिनिटं
- सूचना: १० मिनिटं
- मैदानातली चाचणी: १० मिनिटं
- फेरी: ६० मिनिटं
- परत आल्यावर सामान जमा, फोटो, निरोप: १० मिनिटं
- गाडी धुणं, पेट्रोल, ब्रेक आणि टायर तपासणी: २० मिनिटं

एकूण १२५ मिनिटं. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाची सुट्टी न धरताही पूर्ण फेऱ्या बसतात फक्त ३. तुम्ही कागदावर ८ धरल्या होत्या.

गाड्यांचं बघू. ४ गाड्या विकायच्या असतील तर पुढच्या गाईडला १, मागच्याला १, आणि बंद पडली तर राखीव १. म्हणजे घ्यायच्या ७, आणि तिकीट चारांचंच.

आता वर्ष. कागदावरचा हिशोब असा होता: ८ फेऱ्या × ४ गाड्या = रोज ३२ तिकिटं. महिन्याचे ३० दिवस, वर्षाचे १२ महिने. झाली ११,५२० तिकिटं.

खरा हिशोब असा: पावसाचे चार महिने बंद. राहिले साधारण २४५ दिवस. त्यातले शनिवार-रविवार ७०. ते पूर्ण भरले असं धरू: ७० × १२ = ८४० तिकिटं. उरलेल्या १७५ दिवसांत रोज ३ तिकिटं: ५२५. एकूण १,३६५. कागदावरच्या आकड्याच्या आठव्या हिश्शापेक्षाही कमी!

हप्ते, पगार, पेट्रोल, सुटे भाग, विमा मिळून वर्षाचा खर्च १५ लाख धरला, तर कागदावर एका तिकिटाचा खर्च १३० रुपये येत होता. प्रत्यक्षात तो जवळपास १,१०० रुपये येतो. आणि यात तुमचा नफा अजून धरलेलाच नाही.

आता खरा धोका ऐका. ज्याने १३० रुपयांवर दर ठरवला, त्याला तीन-चार महिन्यांत हप्ता जड जातो. मग तो काय कापतो? पेट्रोल कापता येत नाही. हप्ता कापता येत नाही. कापता येतात ती सूचनांची १० मिनिटं, चाचणीची १० मिनिटं, तपासणीची २० मिनिटं आणि मागचा गाईड. हे सगळं कापलं तरी पहिल्या दिवशी काहीच होत नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पण ज्या दिवशी होतं, त्या दिवशी कोणाचं तरी पोर दवाखान्यात असतं. या धंद्यात बरेचसे अपघात असे दर ठरवतानाच पेरले जातात.

म्हणून दर वरून खाली ठरवू नका. "शेजारी ३०० घेतो, मी २५० घेतो" असं नाही चालणार. आधी काम सुरक्षित करायला किती वेळ आणि किती माणसं लागतात ते लिहा, मग दर काढा. त्या दराला ग्राहक मिळत नसेल, तर धंदा करू नका. हे कळायला एक वही पुरते. हप्ते सुरू झाल्यावर कळलं तर फार महाग पडतं.

धडा ४: "आज नाही" म्हणण्याची तयारी

मॉरिशसमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा मोसम. वादळाचा इशारा आला की बेटावरचे व्यवहार थांबतात, फेऱ्याही थांबतात. म्हणून रद्द झाल्यावर पैसे परत की दुसरी तारीख, हे आधीच लिहून ठेवावं लागतं. दारू पिऊन आलेला गट, लहान मुलाला हँडल देऊ पाहणारा बाप, यांनाही नाही म्हणावं लागतं. हे "नाही" गाईडच्या तोंडून निघायचं असेल, तर त्याचा पगार तिकिटांच्या कमिशनवर ठेवू नका. ठेवलात, तर तो कोणालाच नाही म्हणणार नाही.

आपल्याकडे करायचं असेल तर

समुद्रकिनारा तुमच्या मालकीचा नाही. त्यावर धंदा उभारू नका. क्वाड साधारणपणे सार्वजनिक रस्त्यासाठी नोंदलेली नसते, त्यामुळे वाट संपूर्ण खाजगी जागेतच आखा. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आहे. त्याप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची चौकशी आधी करा. विमा ग्राहकाचा, गाईडचा आणि तिऱ्हाइताचाही.

आणि गाड्या घेण्याआधी एक छोटा प्रयोग करा. तुमच्या जागेत चालत एक तासाची वाट आखा. पाच थांबे ठरवा: कातळावरची फुलं, जुनी विहीर, करवंदाची जाळी, आजोबांनी लावलेला हापूस, खाडी दिसते ती टेकडी. होमस्टेच्या पाहुण्यांना पायी फिरवा आणि त्याचे थोडे पैसे घ्या. पायी फिरायला लोक पैसे देत असतील, तर तुमच्या वाटेत दम आहे. गाडी मग वरची भर. पायी कोणी यायला तयार नसेल, तर सात गाड्यांनी ती वाट चांगली होणार नाही.

गृहपाठ

१. तुमच्या धंद्यातलं "एक तासाचं" काम घ्या. आधीची आणि नंतरची मिनिटं लिहून खरा वेळ काढा.
२. वर्षात खरोखर विकले जातील असे दिवस मोजा. सण, पाऊस, परीक्षा वजा करा.
३. पैशांची ओढाताण झाली तर तुम्ही सगळ्यात आधी काय कापाल, ते प्रामाणिकपणे लिहा. त्यात कोणाच्या जिवाशी संबंधित गोष्ट असेल, तर तुमचा दर आजच चुकलेला आहे.

केटरिंग असो, ट्रेकिंग असो की लहान मुलांचं शिबिर, हे तीन प्रश्न सगळीकडे लागू पडतात. वही घेऊन बसा, आकडे मांडा. भेटू पुढच्या व्हिडिओत!