पेज ओतून देऊ नये

रायपूर हे भातपिकाच्या प्रदेशातील शहर. डॉ. रिछारिया यांनी १९७० नंतरच्या दशकात छत्तीसगडातून जमविलेले हजारो भातवाण येथील इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात जतन केलेले आहेत. हे सर्व तांदूळ सारखे शिजत नाहीत, ते का?

तापलेल्या पाण्यात तांदळातील पिष्टाचे कण फुगतात. पिष्टात अमायलोज अधिक असल्यास भात मोकळा होतो. कमी असल्यास चिकटतो. जुना तांदूळ पाणी अधिक शोषतो.

सडलेल्या तांदळात ब-१ जीवनसत्त्व मुळातच थोडे. ते पाण्यात विरघळते. त्याच्या अभावी बेरीबेरी हा रोग जडतो. म्हणून तांदूळ फार चोळून धुवू नये, पाणी मापून घालावे. पेज उरलीच, तर छत्तीसगडात तिला ‘पसिया’ म्हणून पितात, तशी प्यावी.