पुन्हा पुन्हा उडणारे छोटे अग्निबाण

अग्निबाण एकदा उडाला की त्याचे काम संपले, अशी अनेक वर्षे स्थिती होती. मोठ्या कष्टाने घडविलेली इंजिने काही मिनिटांत समुद्रतळाशी जात. अग्निबाणाच्या उड्डाणात इंधनापेक्षा यंत्रसामग्रीचाच खर्च फार मोठा असतो. साहजिकच, तोच अग्निबाण सुखरूप उतरवून पुन्हा वापरण्याचा विचार पुढे आला. अमेरिकेतील ‘मास्टेन स्पेस सिस्टिम्स’ ह्या छोट्या कंपनीचे कार्य ह्या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

डेव्हिड मास्टेन यांनी २००४ साली ही कंपनी स्थापन केली. कॅलिफोर्नियातील मोहावे येथे, वाळवंटी प्रदेशात, मोजक्या तंत्रज्ञांच्या साहाय्याने तिचे काम चाले. कंपनीचे अग्निबाण अंतराळात जाणारे नव्हते. सरळ वर जावे, हवेत स्थिर राहावे आणि आपल्या पायांवर अलगद उतरावे, एवढेच त्यांचे काम होते.

उतरण्याचे तंत्र

हे काम दिसते तितके सोपे नाही. उतरताना इंजिनाचा जोर क्षणोक्षणी कमी-अधिक करावा लागतो. तोल सांभाळण्यासाठी त्याचे तोंड किंचित वळवावे लागते. इंधन जळत जाते तसे यानाचे वजनही घटते. ही सारी गणिते यानावरील संगणक करतो. कंपनीच्या ‘झोंबी’ यानात आयसोप्रोपिल अल्कोहोल व द्रवरूप प्राणवायू यांचा वापर होई. २०१० मध्ये ह्या यानाचे इंजिन हवेतच बंद करून पुन्हा पेटविण्यात आले व यान सुरक्षित उतरले.

स्पर्धेतील यश

तत्पूर्वी २००९ मध्ये ‘नासा’ने पुरस्कृत केलेल्या चांद्रयान स्पर्धेत कंपनीच्या ‘झोई’ यानाने १० लाख डॉलरचे पहिले पारितोषिक मिळविले होते. ५० मीटर उंची गाठून १८० सेकंद उड्डाण करणे, खडकाळ जागेवर उतरणे आणि ठरावीक वेळेत परत येणे, अशी कसोटी होती. ह्या पद्धतीत शासनाचे पारितोषिक यश सिद्ध झाल्यानंतरच द्यावयाचे असते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

मंगळापर्यंत उपयोग

२०१४ मध्ये ह्याच ‘झोंबी’वर ‘नासा’च्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेने एका नव्या दृष्टियंत्रणेची चाचणी घेतली. खालच्या भूभागाची छायाचित्रे नकाशाशी ताडून यान नेमके कोठे आहे, हे ओळखणारी ही यंत्रणा होती. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘पर्सिव्हिअरन्स’ मंगळावर उतरले, ते ह्याच तंत्राच्या आधारे धोक्याच्या जागा टाळून.

कंपनीची पुढील वाटचाल मात्र बिकट ठरली. २०२० मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उपकरणे पोहोचविण्याचा ७ कोटी ५९ लाख डॉलरचा करार तिला मिळाला. रक्कम निश्चित होती. वाढीव खर्च कंपनीलाच सोसावा लागणार होता. ती मोहीम पार पडण्यापूर्वीच, जुलै २०२२ मध्ये, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी ‘ॲस्ट्रोबॉटिक’ कंपनीने तिची मालमत्ता विकत घेतली.

कंपनी बुडाली, तिच्या यानांवर पारखले गेलेले तंत्र मात्र मंगळावर उपयोगी पडले. चूक झालीच तर ती लहान यानावर, घराजवळच्या मैदानावर व्हावी, दूरच्या ग्रहावर नव्हे, हे ह्या प्रयोगांमागील सूत्र होते. कोणतीही मोठी योजना हाती घेण्यापूर्वी ते ध्यानी ठेवणे हिताचे आहे.