टायर बदलताय? जरा थांबा!

कॅन्टीनमध्ये गाड्यांच्या गप्पा सुरू झाल्या की आपण कशावर बोलतो? किती सीसी, किती बीएचपी, शून्य ते शंभर किती सेकंदात... टायरवर कोणीच बोलत नाही. टायरचा विषय निघतो तो पंक्चर झाल्यावर! पण इंजिनाची ताकद, ब्रेकचा दाब, स्टिअरिंगचा इशारा, यातली प्रत्येक गोष्ट रस्त्यापर्यंत पोचते ती फक्त टायरमधूनच. म्हणून ठरवलं की या वर्षी मॅगझिनच्या मराठी विभागासाठी टायरवरच लिहायचं. शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे 'घर्षण' म्हणायच्या आधी तोंडात 'फ्रिक्शन' येतं, तेव्हा भाषा थोडी मिक्स होईल. चालवून घ्या!

आपल्याकडे हा प्रश्न आताच का?

काही वर्षांपूर्वीपर्यंत यवतमाळच्या माणसाला १२० च्या स्पीडने सलग तासभर गाडी चालवायला रस्ताच नव्हता. आता आहे. पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आहे, वर्धा-यवतमाळ-नांदेड जोडणारा ३६१ आहे, आणि सगळ्यात मोठा म्हणजे समृद्धी महामार्ग. तो आपल्या जिल्ह्यातून जात नाही, पण धामणगावला गेलं की आपण समृद्धीवर. त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. एकूण ७०१ किमी, कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किमी.

अपघात झाला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "टायर फुटला." १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खाजगी बस पेटली आणि २५ जणांचा जीव गेला. त्या बसमध्ये नागपूर, वर्धा आणि आपल्या यवतमाळचेही प्रवासी होते. टायर फुटला असं चालकाने सांगितलं, पण आरटीओच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे प्रत्येक वेळी दोष टायरचा नसतो. पण टायरकडे दुर्लक्ष करायचं हाही त्याचा अर्थ नाही. त्याच वर्षी परिवहन विभागाने समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या.

आपलं उदाहरण: पोलो जीटी टीएसआय

परफॉर्मन्स कार म्हटलं की डोळ्यासमोर फेरारी येते. पण आपल्याकडच्या मुलांची खरी परफॉर्मन्स कार म्हणजे पुण्याजवळच्या चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय! २०१३ ला आली तेव्हा १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस. २०२० ला १.० लिटरचं आलं, ११० पीएस. २०२२ ला पोलो आपल्याकडे बंद झाली. म्हणजे आज जी काही पोलो जीटी रस्त्यावर आहे ती जुनीच आहे आणि बहुतेकींवर टायरचा दुसरा किंवा तिसरा सेट आहे. सेकंड हँड घेणारे आपल्यातले बरेच आहेत, म्हणून हेच उदाहरण घेऊ. गणित मात्र कोणत्याही गाडीला लागू पडतं.

टायरची जन्मपत्रिका

टायरच्या बाजूला जे आकडे असतात ती त्याची जन्मपत्रिका. समजा लिहिलंय १९५/५५ आर १६ ८७ व्ही. आता एकेक बघू.

१९५ : टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
५५ : बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ५५ टक्के. म्हणजे सुमारे १०७ मिमी.
आर : रेडियल. आतले धागे टायरच्या मध्यातून बाहेरच्या बाजूला आडवे जातात. मिशलिन कंपनीने हा प्रकार १९४६ ला पेटंट केला.
१६ : रिमचा व्यास, इंचात.
८७ : लोड इंडेक्स. एका टायरला जास्तीत जास्त ५४५ किलो. (८४ म्हणजे ५०० किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो.)
व्ही : स्पीड रेटिंग, ताशी २४० किमी. (टी १९०, एच २१०, डब्ल्यू २७०.)

"आपल्याला कुठे २४० ने जायचं?" असा प्रश्न पडेल. उत्तर असं की स्पीड रेटिंग म्हणजे खरं तर उष्णता सहन करायची परीक्षा. जो टायर जास्त रेटिंगचा, तो त्याच वेगाला जास्त आरामात असतो. म्हणून नियम एकच : लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग कंपनीने सांगितलंय त्यापेक्षा खाली कधीच नाही. वर गेलं तर चालतं.

कंपनीने काय सांगितलंय ते कुठे मिळेल? पोलोत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर, इतर बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर. हे बघणं महत्त्वाचं, कारण पोलो जीटी आधी १८५/६० आर १५ वर यायची आणि नंतर १९५/५५ आर १६ वर. नाव तेच, टायर वेगळा! मित्राच्या गाडीचा साइज आपल्या गाडीला चालेलच असं नाही.

रुंद टायर म्हणजे जास्त ग्रिप?

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. गाडी माणसांसकट १४०० किलो धरू, म्हणजे एका टायरवर ३५० किलो. न्यूटनमध्ये साधारण ३४३०. हवा ३३ पीएसआय, म्हणजे २,२७,५०० पास्कल. वजनाला दाबाने भागा : ०.०१५ चौरस मीटर, म्हणजे १५० चौरस सेंटिमीटर. एवढाच टायर रस्त्याला टेकलेला असतो. चारही मिळून ६०० चौरस सेंटिमीटर. आपल्या असाइनमेंटचा ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे १२० च्या वेगाने धावणारं आख्खं कुटुंब एका असाइनमेंट पेपरवर उभं असतं!

आता या गणितात रुंदी कुठे आहे? कुठेच नाही. वजन आणि हवा तेवढीच असेल तर टेकलेला भाग साधारण तेवढाच राहतो. टायर रुंद केला तर तो भाग आडवा पसरतो आणि लांबीला कमी होतो. वळणावर त्याचा थोडा फायदा मिळतो, पण स्टिअरिंग जड होतं, मायलेज पडतं आणि पाण्यात तोटा होतो.

शिवाय उंचीही बदलते. १९५/५५ आर १६ चा पूर्ण व्यास ६२१ मिमी. दुकानात तो साइज नसला की "२०५/५५ टाकून घे ना भाऊ, काई फरक पडत नाई" असं सांगतात. त्याचा व्यास ६३२ मिमी, म्हणजे पावणेदोन टक्के जास्त. मीटर १२० दाखवत असेल तेव्हा चाकं आधीपेक्षा २ किमीने जास्त पळत असतात. शिवाय टायर आत घासतो का ते स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि मागे तिघं बसवून बघायला लागतं. हवा तो साइज गावात मिळत नसेल तर नागपूर-अमरावतीहून मागवा, चार दिवस थांबा. टायर चार-पाच वर्षं वापरायचा असतो.

मग ग्रिप येते कुठून?

रबराच्या मिश्रणातून, म्हणजे कंपाउंडमधून. मऊ कंपाउंड रस्त्याच्या खरखरीत शिरतं, चिकटून राहतं, पण लवकर झिजतं. कडक कंपाउंड जास्त किलोमीटर चालतं, पण ओल्या रस्त्यावर घसरतं. १९९० च्या दशकात सिलिका मिसळलेले टायर आले आणि ही ओढाताण बरीच कमी झाली. तरीही "सगळ्यात जास्त चालणारा" आणि "सगळ्यात जास्त पकडणारा" टायर एकच नसतो, हे लक्षात ठेवा.

फरक किती पडतो? ब्रेकचं अंतर = वेगाचा वर्ग भागिले (२ × घर्षणांक × ९.८१). १२० किमी म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर. घर्षणांक ०.८ धरला तर गाडी ७१ मीटरमध्ये थांबते. ०.५ धरला तर ११३ मीटर लागतात. आता भीतीदायक भाग असा की पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथून दुसरी अजून ताशी ७३ किमीने जात असते. पुढे ट्रक उभा असेल तर बाकी गणित करायची गरज नाही...

बाजारात ढोबळ दोन जाती आहेत. एक टूरिंग, म्हणजे आवाज कमी, आयुष्य जास्त, ओल्यात भरवशाचा. उदाहरणार्थ मिशलिन प्रायमसी ४ एसटी, सिएट सिक्युराड्राइव्ह. दुसरी स्पोर्ट, म्हणजे बाजूची भिंत कडक, वळणावर तीक्ष्ण, पण खड्ड्यात दणका बसतो आणि झिजतो लवकर. उदाहरणार्थ मिशलिन पायलट स्पोर्ट ४, सिएट स्पोर्टड्राइव्ह. रोज दारव्हा, आर्णी, घाटंजी असे रस्ते आणि महिन्यातून एकदा समृद्धी असं ज्याचं आहे त्याने डोळे झाकून चांगला टूरिंग घ्यावा. पोलो पेप्पी असली तरी आपले खड्डे जर्मनीचे नाहीत!

पाऊस आणि नक्षी

टायरच्या नक्षीचं खरं काम पाणी बाहेर फेकणं. कायद्याने कारसाठी नक्षी किमान १.६ मिमी खोल लागते. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. पण आपल्या जुलै-ऑगस्टसाठी ३ मिमीलाच बदलायचा विचार सुरू करावा हे उत्तम.

नक्षी गेली की काय होतं? टायर पाण्यावर चढतो आणि गाडी होडी होते. नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवरून एक सूत्र काढलं : साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागतो तो वेग (मैल प्रति तास) = १०.३५ × हवेच्या दाबाचं (पीएसआय) वर्गमूळ. कारसाठी हा ढोबळ अंदाजच आहे. ३३ पीएसआयला उत्तर येतं ताशी ९६ किमी. वेगमर्यादा १२० असली तरी मुसळधार पावसात ती आपल्यासाठी नाही, हे सूत्रच सांगतंय.

"उन्हाळा हाय, हवा कमी टाकतो"

हे वाक्य आपल्याकडे मार्च ते जून प्रत्येक हवेच्या दुकानात ऐकू येतं. यामागचं लॉजिक असं की गरम झाल्यावर हवा वाढते, मग आधीच कमी ठेवलेली बरी. ऐकायला बरोबर वाटतं, पण आहे उलटं!

सकाळी ३० अंशाला टायरमध्ये ३३ पीएसआय भरली. वातावरणाचा १४.७ मिळवून खरा दाब ४७.७. हायवेवर टायर ७० अंशाला गेला. फर्स्ट इयरला शिकलेला गॅस लॉ लावा (तापमान केल्व्हिनमध्ये) : ४७.७ × ३४३ ÷ ३०३ = ५४. त्यातून १४.७ वजा करा, गेज दाखवेल ३९. ही वाढ कंपनीने आधीच धरलेली असते. आता कोणी गरम टायरची हवा सोडून ३३ केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये उरते फक्त २७.

कमी हवेचा टायर जास्त दबतो. चाकाच्या प्रत्येक फेरीत त्याची भिंत वाकते आणि सरळ होते, सेकंदाला पंधरा-सतरा वेळा. वाकवून वाकवून तार गरम होते ना, तसंच. ती उष्णता आत साठते, थर सुटायला लागतात आणि मग टायर खरंच फुटतो. ज्या भीतीने हवा कमी केली, तेच होतं. वर ३३ ऐवजी २७ झाल्यावर पाण्यावर तरंगायचा वेगही ९६ वरून ८७ वर आला, तो वेगळाच.

म्हणून हवा नेहमी थंड टायरमध्ये, स्टिकरवर आहे तेवढी. सगळी सीट भरून आणि डिकीत सामान घेऊन निघालात तर स्टिकरवरचा फुल लोडचा आकडा. आणि नायट्रोजन? साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि गॅस लॉ दोघांना सारखाच. नायट्रोजन कोरडा असतो, थोडा हळू गळतो, एवढाच फायदा. तो भरला म्हणून हवा तपासायची नाही, असं नाही.

दुकानात जाताना

१. टायरवर आयएसआय मार्क बघा.
२. शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. रबर उन्हाने आणि ओझोनने न वापरताही म्हातारं होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. दहा वर्षांचा टायर नक्षी असली तरी काढून टाका.
३. रिमोल्ड किंवा वापरलेले टायर फास्ट गाडीला नकोच. आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही.
४. दोनच बदलायचे असतील तर एकाच प्रकारची जोडी घ्या आणि नवी जोडी मागे लावा. पोलोसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतसुद्धा! पुढची चाकं घसरली तर ड्रायव्हरला कळतं, तो वेग कमी करतो. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते.
५. बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि नवीन व्हॉल्व टाळू नका.
६. नवा टायर पहिले दोन-तीनशे किमी थोडा निसरडा असतो. शोरूमचा आनंद जरा जपून.

हजार-दोन हजार रुपये वाचवायला आपण टायरमध्ये तडजोड करतो आणि तेवढ्याच पैशात म्युझिक सिस्टीम लावतो. इंजिन गाडीला पळवतं, हे खरं. पण रात्री अकराला घरचे वाट बघत असताना ती गाडी दारात सुखरूप आणून उभी करायचं काम त्या एका ए-फोर कागदाचं आहे. या रविवारी आपल्या घरच्या गाडीजवळ दोन मिनिटं खाली वाका, स्टिकर वाचा, टायरचे चार आकडे वाचा. बाबांना सांगा. तुमच्या इंजिनिअरिंगचा घरात एवढा तरी उपयोग होऊ द्या!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल